डब्यांतील रुपया आणि अंकांतील रुपया

पैसा हा विषय आपल्या घरांतून रोज बोलला जातो; परंतु पैसा म्हणजे काय, हें मात्र क्वचितच विचारलें जातें. महिन्याचा हिशेब, मुलांच्या शाळेची फी, वाण्याचें बिल, वडील माणसांच्या औषधांचा खर्च, या सर्वांत रुपया हा शब्द शेंकडों वेळां येतो. पण खिशांतील शंभराची नोट, बँकेच्या पासबुकांतील शंभर रुपये आणि मोबाईल फोनवरून दुकानदारास पाठविलेले शंभर रुपये, हे तिन्ही खरोखर एकच आहेत काय, असा प्रश्न फारसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तो येण्याचें कारणही पडलें नव्हतें. आतां तें पडलें आहे. १ डिसेंबर २०२२ रोजीं रिझर्व्ह बँकेनें मुंबई, नवी दिल्ली, बंगळूर व भुवनेश्वर या चार शहरांत सामान्य लोकांसाठीं एका चौथ्या प्रकारच्या रुपयाचा प्रयोग आरंभिला. त्याचें नांव डिजिटल रुपया. त्यापूर्वी एक महिना, १ नोव्हेंबर रोजीं, बँकांमधील सरकारी रोख्यांच्या व्यवहारांपुरता तसाच प्रयोग सुरू झाला होता. आणि त्याच वर्षीच्या वित्त कायद्यानें १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्यांतील बँकनोटेची व्याख्या वाढवून अंकरूप नोटही तींत बसविली होती. म्हणजे कायद्यानें पाहतां हा रुपया अस्सल आहे.

प्रश्न असा आहे, कीं असला रुपया मध्यवर्ती बँकेनें काढावा काय. आणि काढावयाचा तर कोणत्या अटींवर. हा वाद अर्थशास्त्रज्ञांनीं आपसांत मिटवावा, असें पुष्कळांस वाटेल. परंतु ज्या घरांत मिळवते दोन, खाणारे दहा आणि चार पैसे बाजूला टाकणारी एखादी आजी किंवा सून असते, त्या घरानें तर तो आधीं समजून घेतला पाहिजे; कारण त्याचा निकाल अखेर त्या घराच्या उंबरठ्याच्या आंत येऊन पोंचणार आहे.

नोट, ठेव आणि हुंडी

नोट हें एक वचन आहे. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते आणि धारकास तितके रुपये देण्याची हमी असते. धारक कोण, त्याचें नांव काय, त्यानें ती कोठून आणली, हें नोट विचारीत नाहीं. ज्याच्या हातांत ती, त्याची ती. बँकेंतील ठेव तशी नव्हे. आपण बँकेंत शंभर रुपये ठेवतों, तेव्हां ते तेथें आपल्या नांवाच्या कप्प्यांत पडून राहत नाहींत. आपण ते बँकेस एक प्रकारें उसने दिलेले असतात, आणि पासबुकांतील आंकडा म्हणजे बँकेनें आपल्या नांवें लिहिलेलें देणें होय. तो पैसा बँक घर बांधणाऱ्यास, कारखानदारास, शेतकऱ्यास कर्जाऊ देते. यांत गैर कांहीं नाहीं. देशाचा उद्योग त्यावरच चालतो. पण याच कारणानें बँक बुडते तेव्हां ठेवीदाराचा जीव टांगणीस लागतो, आणि नोट जवळ असलेला मनुष्य मात्र निर्धास्त राहतो.

आतां मोबाईलवरील व्यवहार पाहूं. २०१६ सालीं सुरू झालेली यू.पी.आय. ही पद्धति आज भाजीवालीपासून सराफापर्यंत सर्वांच्या परिचयाची आहे. २०२४ या एका वर्षांत तिच्यावरून १७ हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. तथापि ती स्वतः पैसा नव्हे. ती पैशाविषयींची आज्ञा आहे. जुन्या काळीं एका पेढीनें दुसऱ्या पेढीवर दर्शनी हुंडी लिहून द्यावी आणि ती दाखवितांच तेथें रक्कम पदरांत पडावी, तसाच हा प्रकार. फक्त ही हुंडी विजेच्या वेगानें पळते. तिच्या दोन्ही टोकांस बँक बसलेली असते. बँकेचें दार लागलें कीं हुंडीही थांबते.

हा भेद केवळ पुस्तकी नाहीं. अकोल्याची लक्ष्मी बँक १९६० सालीं बुडाली. त्याच वर्षीं केरळांतील पलाई सेंट्रल बँक कोसळली. आणि त्या पडझडीनंतर १ जानेवारी १९६२ पासून आपल्या देशांत ठेवींचा विमा सुरू झाला. प्रारंभीं तो एका ठेवीदारामागें १,५०० रुपयांपुरता होता. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा ५ लाख झाली. विमा आहे, पण विम्याचा पैसा हातीं येईपर्यंतचा काळ कसा जातो, हें पुण्या-मुंबईच्या वाचकांस सांगावयास नको. पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर २०१३ सालीं निर्बंध आले आणि ऑगस्ट २०२२ मध्यें तिचा परवाना रद्द करण्याचा हुकूम निघाला; मध्यें नऊ वर्षें गेलीं. सप्टेंबर २०१९ मध्यें पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हां ठेवीदारांस पहिल्या हुकुमान्वयें सहा महिन्यांत मिळून १,००० रुपये काढण्याची मुभा होती. पेन्शनीची सारी रक्कम एकाच बँकेंत ठेवलेल्या वृद्धास त्या दिवशीं नोट आणि ठेव यांतील अंतर कोणीं समजावून द्यावें लागलें नसेल.

डिजिटल रुपया या दोहोंपैकीं नोटेच्या जातीचा आहे. तो आपल्याला बँकेमार्फत मिळतो, फोनमधील पाकिटांत राहतो, नोटा-नाण्यांच्याच किंमतींत मोजला जातो. परंतु त्याचें देणें रिझर्व्ह बँकेवर असतें. ज्या बँकेकडून तो घेतला ती उद्यां बंद पडली, तरी तो रुपया बुडत नाहीं. त्याच्या बाजूनें पहिला आणि सर्वांत भक्कम मुद्दा हाच.

पूर्वीं असें घडलें आहे

खासगी पेढ्यांच्या हातांतील चलन राज्यसत्तेनें आपल्याकडे घेण्याची ही पहिली वेळ नव्हे. १८६१ पूर्वीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील इलाखा बँका आपापल्या नोटा काढीत. १८४० सालीं निघालेल्या बँक ऑफ बाँबेलाही तो अधिकार होता. १८६१ च्या कागदी चलनाच्या कायद्यानें तो काढून सरकारकडे घेतला. त्यावेळीं अमेरिकेंतील यादवीमुळें मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला होता. १८६५ सालीं ती यादवी संपली, कापूस उतरला आणि मुंबईंतील शेअरांच्या सट्ट्याचा फुगा फुटला. बँक ऑफ बाँबे त्या धक्क्यांतून सांवरली नाहीं. १८६८ सालीं ती मोडीत काढावी लागली. तिच्या भागीदारांचें भांडवल गेलें; परंतु बाजारांतील नोट एव्हांना तिची राहिलेली नव्हती, सरकारची झालेली होती. त्यामुळें बँक पडली तरी मुंबईकराच्या हातांतील नोट पडली नाहीं.

स्वीडनची कथा याहूनही जुनी आहे. तेथें सतराव्या शतकांत तांब्याच्या पत्र्यांचीं नाणीं चालत. १६४४ सालीं पाडलेला दहा डालरचा पत्रा जवळजवळ वीस किलो वजनाचा होता. असलें नाणें बाजारांत न्यावयाचें तर गाडीच जोडावी लागे. तेव्हां योहान पाल्मस्ट्रुक याच्या बँकेनें १६६१ सालीं कागदी नोटा काढल्या. लोकांनीं त्या आनंदानें घेतल्या. बँकेनें त्या हात सैल सोडून छापल्या. आणि थोड्याच वर्षांत बँकेचें दिवाळें वाजलें. १६६८ सालीं तेथील राष्ट्रसभेच्या अधिकाराखालीं नवी बँक स्थापन झाली. जगांत आज चालू असलेल्या मध्यवर्ती बँकांत ती सर्वांत जुनी होय. सोयीचा शोध बहुधा खासगी माणूस लावतो, आणि विश्वासाची व्यवस्था अखेर राज्यास करावी लागते, असें या दोन्ही कथांवरून दिसतें.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या आधींच्या पिढ्यांस आणखी एक अनुभव होता. पेशवाईंत अंकुशी, चांदवडी असे नाना टांकसाळींचे रुपये एकाच वेळीं बाजारांत चालत, आणि एक देऊन दुसरा घेतांना बट्टा द्यावा लागे. कोणता रुपया किती कसाचा, हें पारखण्यास सराफ बसलेला असे. आज एका बँकेचा रुपया दुसऱ्या बँकेंत बट्ट्याशिवाय चालतो, हा त्या बँकांचा परस्परांवरील लोभ नव्हे. प्रत्येक बँकेंतील रुपया मागतांक्षणीं रिझर्व्ह बँकेच्या रुपयांत बदलून मिळेल, हा विश्वास त्यामागें आहे. आणि नोट हें त्या विश्वासाचें सामान्य माणसाच्या हातीं आलेलें टोक आहे. दुकान, दवाखाना, रेल्वेची खिडकी या सर्व ठिकाणांहून नोट हळूहळू नाहींशी झाली, तर हें टोक सुटेल. मग सामान्य माणसाजवळ राज्याचा पैसा उरणार नाहीं. उरेल तो पेढ्यांनीं लिहून दिलेला आंकडा. अंकरूप चलनाची आवश्यकता सांगणाऱ्यांचा हा दुसरा मुद्दा आहे, आणि तोही हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं.

इतर देश व आपण

असें असूनही जेथें जेथें हें चलन निघालें तेथें तेथें लोकांनीं त्याचें उड्या मारून स्वागत केलें, असें मात्र नाहीं. बहामा बेटांनीं ऑक्टोबर २०२० मध्यें आपला सँड डॉलर देशभर सुरू केला; देशव्यापी असें तें पहिलेंच अंकरूप चलन होतें. नायजेरियानें २५ ऑक्टोबर २०२१ रोजीं ई-नायरा काढला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २०२३ सालच्या एका निबंधांत असें दाखविलें आहे, कीं त्याच्या पाकिटांपैकीं शेंकडा ९८ हून अधिक पाकिटें कोणत्याही एका आठवड्यांत वापरलींच जात नव्हतीं. पूर्व कॅरिबियन बेटांचें डी-कॅश हें चलन तर जानेवारी २०२२ मध्यें यंत्रणेंतील बिघाडानें बंद पडलें, तें सुमारें दोन महिने बंदच होतें. नोट कधीं अशी दोन महिने आजारी पडत नाहीं!

मोठ्या राष्ट्रांचेंही एकमत नाहीं. चीननें २०२० पासून निवडक शहरांतून प्रयोग चालवून ते पुष्कळ वाढविले. युरोपांत कार्डांचे व्यवहार बव्हंशीं अमेरिकन कंपन्यांच्या जाळ्यांतून होतात, हें तेथील धुरीणांस टोंचतें. म्हणून तेथील मध्यवर्ती बँकेनें ऑक्टोबर २०२५ मध्यें असें ठरविलें, कीं आवश्यक तो कायदा २०२६ मध्यें झाल्यास २०२९ सालीं डिजिटल युरो काढण्याची तयारी ठेवावी. उलट अमेरिकेंत २३ जानेवारी २०२५ रोजीं राष्ट्राध्यक्षांच्या आज्ञेनें असल्या चलनाच्या कामास सरकारी खात्यांना बंदी झाली. स्वीडननें २०१७ पासून अनेक वर्षें ई-क्रोनाचा अभ्यास व प्रयोग केला. परंतु मार्च २०२३ मध्यें तेथील सरकारी चौकशी समितीनें तूर्त त्याची तेवढी निकड दिसत नाहीं असा अभिप्राय दिला. ज्या देशांत रोख पैसा दुकानांतून जवळजवळ हद्दपार झाला, त्याच देशाच्या सरकारनें आणीबाणीच्या प्रसंगासाठीं घरोघर वाटलेल्या पुस्तिकेंत थोडी रोकड जवळ ठेवण्यास सांगितलें आहे, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आपल्याकडील आंकडे काय सांगतात? मार्च २०२४ अखेर चलनांतील डिजिटल रुपया सुमारें २३४ कोटींचा होता. मार्च २०२५ अखेर तो सुमारें १,०१६ कोटींचा झाला. वाढ मोठी खरी. परंतु त्याच दिवशीं लोकांच्या हातांत कागदी नोटा होत्या ३६ लाख कोटींहून अधिक रुपयांच्या! समुद्राशेजारीं ओंजळ ठेवावी तसें हें प्रमाण आहे. डिसेंबर २०२३ मध्यें दिवसाला दहा लाख व्यवहारांचा टप्पा गांठला गेला. पण त्यांत बँकांनीं आपल्या नोकरांचे भत्ते या रुपयांत दिल्याचा वांटा मोठा होता, आणि तो भर पुढें ओसरला. कारण शोधण्यास लांब जावयास नको. दुकानावरील चौकोनी नक्षीवर फोन धरला कीं पैसे पोंचतात; मग तेंच काम करणारें दुसरें साधन कोणी कां घ्यावें? भरलेल्या विहिरीशेजारीं दुसरी विहीर खणली, तर लोक विचारणारच, कीं हिचें पाणी निराळें आहे काय?

आमच्या मतें सर्व विवेचनाचा कणा या प्रश्नांत आहे. डिजिटल रुपयानें वेगांत यू.पी.आय.शी शर्यत लावण्यांत अर्थ नाहीं. त्याचें पाणी निराळें असेल, तरच त्याला अस्तित्वाचा अधिकार आहे; आणि तें निराळेपण एकच असूं शकतें. त्यानें नोटेचे गुण राखले पाहिजेत. बुडत नाहीं हा गुण त्याच्यांत आला आहे. बोलत नाहीं, थांबत नाहीं आणि हुकूम करीत नाहीं, हे तीन गुण अद्याप यावयाचे आहेत.

बोलत नाहीं

आपल्या घरांतून तांदळाच्या किंवा डाळीच्या डब्यांत नोटा ठेवण्याची रीत जुनी आहे. घरखर्चांतून वांचविलेले, माहेराहून आलेले, भाऊबीजेला ओंवाळणींत पडलेले असे ते पैसे. त्यांची वही नसते. ते जमविणारी स्त्री कांहीं चोरी करीत नसते. बहुधा त्याच डब्यांतून अडीअडचणीला मुलीची फी, नवऱ्याचें आजारपण किंवा स्वतःच्या आईचें औषध निघतें. सर्वांची मिळकत एका जागीं यावी आणि ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें ती वांटली जावी, हा एकत्र कुटुंबाचा मोठेपणा आहे. परंतु जेथें सर्वच सामाईक, तेथें थोडेंसें तरी आपलें असें असणें ही मनाची भूक असते. आपल्या धर्मशास्त्रानें ती स्त्रीधन या नांवानें ओळखली. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या १४ व्या कलमानें हिंदु स्त्रीच्या मिळकतीवर तिची संपूर्ण मालकी मान्य केली. कायद्यानें दिलेली मालकी रोजच्या जीवनांत मात्र त्या अबोल नोटेमुळें टिकते.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पांचशें व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हां असे असंख्य डबे एकाच आठवड्यांत उघडे पडले. 'हे कोठून आले?' हा प्रश्न अनेक घरांत त्या वेळीं प्रथमच विचारला गेला. तो कौतुकानें विचारला असेल, थट्टेनें विचारला असेल. पण एकदां विचारलेला प्रश्न परत घेतां येत नाहीं.

डिजिटल रुपया फोनमध्यें राहतो. फोन कोणाच्या नांवावर आहे, त्याचा परवलीचा आंकडा कोणकोणास ठाऊक आहे, प्रत्येक खर्चासरशी येणारा संदेश कोण वाचतो, यावर त्या रुपयाचें मौन अवलंबून राहील. ज्या घरांत एकच चांगला फोन आणि तो कर्त्या पुरुषाजवळ, तेथें सुनेचा डिजिटल रुपया हा तिचा डबा नव्हे. तो दिवाणखान्यांत मांडलेला हिशेब आहे. सरकार आपल्या खर्चावर डोळा ठेवील काय, याची चर्चा विद्वान पुष्कळ करतात. ती आवश्यकही आहे. परंतु खासगीपणाचा पहिला प्रश्न घराच्या आंतच उभा राहतो, इकडे त्यांचें लक्ष जात नाहीं.

यावर कोणी म्हणेल, कीं नोटेचें हेंच मौन लांचखाऊस व करबुडव्यासही उपयोगीं पडतें. आक्षेप खरा आहे. मात्र २०१६ च्या अनुभवाकडे पाहावें. रद्द केलेल्या नोटांपैकीं शेंकडा ९९ हून अधिक नोटा बँकांत परत आल्या, असें रिझर्व्ह बँकेच्याच २०१८ च्या वार्षिक अहवालांत नमूद आहे. परत आलेला पैसा सर्व शुद्ध होता असें यावरून ठरत नाहीं. परंतु नोटांचे ढीग दडवून बसलेला काळा पैसा जागच्या जागीं कुजून जाईल, ही कल्पना खोटी ठरली. मोठी लबाडी जमिनींत, सोन्यांत, खोट्या हिशेबांत दडते. ती पकडण्यासाठीं डाळीच्या डब्यावर दिवा लावण्याचें कारण नाहीं. ७ ऑक्टोबर २०२२ च्या आपल्या संकल्पना-टिपणांत रिझर्व्ह बँकेनेंही लहान व्यवहार अनामिक ठेवावेत व मोठ्यांचा माग राहावा, अशा मार्गाचा विचार मांडला आहे. तो योग्य आहे. पण टिपणांतील विचार हा नागरिकाचा हक्क नव्हे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं दिला आहे. परंतु २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यांत सरकारला आपल्या खात्यांस सूट देण्याचा अधिकार ठेवलेला आहे. म्हणून कोणत्या रकमेपर्यंत हा रुपया बोलणार नाहीं, हें परिपत्रकांत न ठेवतां कायद्यांत लिहिलें पाहिजे.

थांबत नाहीं, हुकूम करीत नाहीं

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर आलें. रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत विजेचे खांब आडवे झाले, फोन मुके झाले, आणि कांहीं गांवांत तर वीज येण्यास कित्येक आठवडे लागले. अशा दिवसांत कौलें, ताडपत्री, रॉकेल विकत घेतांना उपयोगीं पडते ती नोटच. म्हणून जाळें नसतांनाही एका हातांतून दुसऱ्या हातांत जाईल, तेव्हांच त्या रुपयास नोट म्हणतां येईल. रिझर्व्ह बँकेनें ८ फेब्रुवारी २०२४ रोजीं त्या दिशेनें प्रयोग जाहीर केले, हें चांगलें झालें. पण सोय शहरांतील नव्हे, खेड्यांतील कसोटीवर उतरावी. आणि महागडा फोन नसलेल्यांसाठीं साध्या कार्डाची वाट असावी.

त्याच दिवशीं आणखी एक गोष्ट जाहीर झाली. ठराविक कामासाठींच, ठराविक मुदतींत खर्च करतां येईल, असा रुपया घडविण्याचे प्रयोगही होणार होते. याचा सदुपयोग आहे. बियाण्यासाठीं दिलेली मदत बियाण्यावरच खर्च व्हावी, मधल्या दलालानें ती गिळूं नये, अशी इच्छा कोणास होणार नाहीं? परंतु येथें जपून पाऊल टाकलें पाहिजे. कशावर खर्च करावा हें सांगणारी नोट ही नोट राहत नाहीं. ती शिधापत्रिका होते. देणग्या व सरकारी मदत यांना घेणाऱ्याच्या संमतीनें अट घालतां येईल. पगार, पेन्शन, मजुरी व बचत यांस ती कधींही घालतां येऊं नये. कष्टाच्या पैशानें पुस्तक घ्यावें कीं जिलबी, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

बँकांचें काय?

शेवटचा आक्षेप बँकांच्या बाजूनें येतो. रिझर्व्ह बँकेचा न बुडणारा रुपया फोनवर मिळूं लागला, तर लोक बँकांतील ठेवी काढून तो घेणार नाहींत काय? ठेवी गेल्या तर घरबांधणीस, दुकानास, विहिरीस कर्ज कोण देणार? प्रत्येक तालुक्यांतील शेतकऱ्याची पत पाहणें हें मध्यवर्ती बँकेचें काम नव्हे. शिवाय अफवेच्या दिवशीं काय होईल? पूर्वीं बँकेवर गर्दी झाली तर दारापाशीं रांग लागे, आणि रांगेमुळें थोडा अवधि तरी मिळे. अमेरिकेंतील सिलिकॉन व्हॅली बँकेवर ९ मार्च २०२३ रोजीं एका दिवसांत ४,२०० कोटी डॉलर काढून घेण्याच्या मागण्या आल्या. दुसऱ्या दिवशीं बँक बंद झाली. पळून जाण्यास सुरक्षित जागा बोटाच्या टोकावर असेल, तर पळणाऱ्यांची संख्या वाढेल, यांत संशय नाहीं.

उपाय कठीण नाहींत. या रुपयावर व्याज नसावें. आजच्या प्रयोगांत तें नाहींच. एका माणसाजवळ तो किती असावा याला मर्यादा असावी. एका मध्यम घराचा एक-दोन महिन्यांचा खर्च भागेल एवढी ती पुरे. युरोपांत व इंग्लंडांतही अशाच मर्यादेचा विचार चालू आहे. डबा हा डबाच असावा. त्याची तिजोरी करूं नये. बचतीची जागा बँक, आणि हाताशीं असलेल्या पैशाची जागा हा रुपया, अशी वांटणी झाली म्हणजे दोघांचेंही चालेल.

निर्णय

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर असें, कीं मध्यवर्ती बँकेनें अंकरूप चलन काढावें. परंतु तें नोटेच्या जोडीस काढावें, नोटेच्या जागीं नव्हे. ज्या देशांत रोख पैसा मावळत आला आहे, तेथें घाईचें कांहीं कारण तरी आहे. आपल्याकडे तें नाहीं. ३६ लाख कोटींच्या नोटा लोकांच्या हातांत आहेत आणि यू.पी.आय.ची हुंडी अखंड धांवत आहे. म्हणून आपल्यापाशीं वेळ आहे, आणि हा वेळ पाकिटांची संख्या फुगविण्यांत न घालवितां कायदा करण्यांत लावावा. त्या कायद्यांत चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. लहान रकमांच्या व्यवहाराची नोंद कोणाच्या हातीं जाऊं नये. जाळें नसतांना व महाग फोन नसतांनाही हा रुपया चालावा. कमावलेल्या पैशास अट लावतां येऊं नये. आणि कागदी नोट घेण्याचें दुकानांनीं व सरकारी कचेऱ्यांनीं नाकारूं नये.

या अटी पाळल्या तर अंकांतील रुपया हा डब्यांतील रुपयाचा धाकटा भाऊ म्हणून घरांत सुखानें नांदेल. त्या न पाळल्या, तर चलन अधिक चलाख होईल, हिशेब अधिक चोख होतील, आणि ज्या स्त्रीनें वर्षानुवर्षें पै-पै करून घराची अडचण निभावली, तिच्याजवळ स्वतःचा म्हणावा असा एकही रुपया उरणार नाहीं. राज्याच्या पैशाची परीक्षा टांकसाळींत किंवा यंत्रागारांत पुरी होत नसते. घरांतील सर्वांत दुबळ्या माणसाच्या मुठींत तो किती सुरक्षित आहे, यावरच ती व्हावयाची असते.